बॅलास्ट म्हणजे काय? रुळांखालची खडी, जहाजातलं पाणी आणि इतर उपयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात घर कुठेही असो, रात्री गाडीचा आवाज येतोच. त्यामुळे बॅलास्टबद्दल इथल्या मराठी वाचकांकडून येणारे बहुतेक प्रश्न रुळांखालच्या खडीचे असतात. माझी नोकरीची वर्षंही रुळांच्या देखभालीत गेली, म्हणून त्या भागाची उत्तरं जरा लांबली आहेत. जहाज, ट्यूबलाइट, सोलर आणि ट्रॅक्टर यांचे प्रश्न त्यानंतर घेतले आहेत.

१. रुळांखालची खडी, जहाजातलं पाणी आणि ट्यूबलाइटचा चोक या तिन्हींना बॅलास्टच का म्हणतात?

मूळ अर्थ जहाजाचा. रिकामं जहाज पाण्यावर उंच तरंगतं आणि डोलतं. ते सरळ राहावं म्हणून तळाशी दगड, वाळू किंवा लोखंडाचे ठोकळे भरत. या वजनाचं भाडं कोणी देत नसे, पण त्याच्याशिवाय बंदर सोडणं धोक्याचं होतं. इंग्लंडमध्ये टाइन नदीवरून कोळसा घेऊन गेलेली जहाजं परतताना अशी वाळू-खडी भरून येत आणि काठावर तिचे ढीग साचत. खाणींकडे जाणाऱ्या सुरुवातीच्या गाडीमार्गांखाली तीच खडी अंथरली गेली आणि नावही तिच्यासोबत रुळांखाली आलं, असं सांगितलं जातं. चोकला हे नाव त्याच्या कामावरून मिळालं, कारण तो विजेचा प्रवाह आवरून धरतो. ओझं दुसरंच कोणी वाहतं किंवा प्रकाश दुसरंच कोणी देतं, बॅलास्ट त्याला डळमळू देत नाही. मात्र रुळांखालच्या खडीचं काम फक्त वजनाचं नाही. त्यासाठी प्रश्न ३ ते ६ वाचा.

२. मराठीत नेमका कोणता शब्द वापरायचा?

रेल्वेसाठी ‘खडी’ म्हणा, सगळ्यांना कळतं. बडोद्यात खडीच्या डंपरवाल्याशी बोलताना मात्र आपण सगळेच ‘कपची’ म्हणतो, कारण गुजरातीत तोच शब्द चालतो. जहाजाच्या भरावासाठी जुन्या कोशांत ‘नीरम’ हा शब्द आहे, पण आज जहाजावरचा मराठी मुलगासुद्धा बॅलास्टच म्हणतो.

३. रुळांखाली खडीच का? सिमेंटचा पक्का रस्ता करून त्यावर रूळ का टाकत नाहीत?

मालगाडीच्या एका आसाचं वजन २२ टनांच्या वर असू शकतं आणि चाक रुळाला टेकतं ती जागा जेमतेम नखाएवढी असते. तो दाब तसाच जमिनीवर आला, तर आपल्याकडची काळी माती पहिल्याच पावसात दबेल. म्हणून रुळाकडून स्लीपरकडे (रुळांखाली आडव्या टाकलेल्या तुळयांकडे), स्लीपरकडून खडीकडे आणि खडीकडून मातीकडे असा तो पायरीपायरीने पसरवला जातो. ब्रॉडगेजवर किलोमीटरमागे साधारण १६६० सिमेंटचे स्लीपर असतात. त्यांच्या बुडाखाली २५ ते ३५ सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ खडीचा थर लागतो.

खडीची आणखी तीन कामं आहेत. पावसाचं पाणी ती लगेच खाली सोडते. गाडीचा धक्का थोडा स्वतः सोसते. तिसरं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: तिच्यामुळे रूळ दुरुस्त करता येतो. जमीन कुठेतरी एक सेंटिमीटर खचली, तर रूळ उचलून स्लीपरखाली खडी ठासायची की मार्ग पुन्हा सपाटीत येतो. पूर्वी गँगमन हे काम बीटर नावाच्या हत्याराने, घाम गाळत करायचे. आता टॅम्पिंग मशीन करतं. सिमेंट खचलं तर ते फोडावंच लागतं. तरी काही ठिकाणी खडीशिवायचा मार्ग योग्य ठरतो, तो भाग प्रश्न १० मध्ये आहे.

४. खडी इतकी टोकदार का असते? नर्मदेतले गुळगुळीत गोटे मुबलक आहेत, ते का चालत नाहीत?

गोटे एकमेकांवरून घसरतात. फोडलेल्या दगडाच्या कडा एकमेकांत अडकतात आणि गाडीगणिक आणखी घट्ट बसतात. चांगल्या मार्गावरून चालताना बुटाखाली खडी कोरडी, खणखणीत वाजते आणि पाय फारसा रुतत नाही. गोट्यांच्या थरावर हीच पावलं टाका, घोटा मुरगळेल. स्लीपरचंही तेच होईल. म्हणून रेल्वे यंत्राने फोडलेली खडीच घेते.

५. हा दगड कोणता? त्याचा आकार ठरलेला असतो का?

आपल्या भागात बहुतेक काळा ट्रॅप, म्हणजे बेसाल्ट. दख्खनच्या लाव्हाचा हा दगड कठीण असतो आणि सहज झिजत नाही. दक्षिणेत आणि इतर काही भागांत ग्रॅनाइट वापरतात, तिथे खडी करडी किंवा गुलाबीसर दिसते.

आकार ६५ ते २० मिलिमीटरच्या दरम्यान. भारतीय रेल्वेच्या कसोटीनुसार ६५ मिलिमीटरच्या चाळणीवर जास्तीत जास्त ५ टक्के खडी उरलेली चालते, ४० च्या चाळणीवर ४० ते ६० टक्के उरावी लागते आणि २० च्या चाळणीवर किमान ९८ टक्के. म्हणजे लहान-मोठ्यांचं मिश्रण हवं, पण कच नको. ब्रॉडगेजसाठी झिजेची चाचणी ३० टक्क्यांच्या आणि आघाताची २० टक्क्यांच्या आत यावी लागते. घरबांधणीला आणलेली कपची दिसायला तशीच असली, तरी ती इथे चालत नाही. ती बारीक असते, आणि बारीक खडी पाणी अडवते.

६. उन्हाळ्यात रूळ वाकण्याचा खडीशी काय संबंध?

थेट संबंध आहे आणि हा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आज रुळांचे तुकडे वेल्डिंगने जोडून मैलोन्‌मैल सलग केलेले असतात. पोलाद तापलं की वाढतं. एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला आणि तापमान ४० अंशांनी वाढलं, तर तो जवळजवळ ४६ सेंटिमीटर लांब होईल. बडोद्याच्या मे महिन्यात हवा ४३ अंशांवर असते तेव्हा उन्हातला रूळ ६० च्या आसपास पोचतो. पण सलग रुळाच्या मधल्या भागाला वाढायला जागाच नसते. ती सगळी धडपड दाब होऊन रुळातच कोंडते. मीटरला ६० किलोचा रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त बसवला असेल, त्याच्या ३० अंश वर गेला, तर एका रुळात साधारण ५५ टनांचा दाब असतो. मार्गात असे दोन रूळ असतात.

हा दाब रुळाला आडवा फेकू पाहतो आणि त्याला अडवते खडी: स्लीपरखालची, दोन स्लीपरमधली आणि मुख्य म्हणजे स्लीपरच्या टोकाबाहेरचा खांदा. सलग वेल्ड केलेल्या सरळ मार्गावर हा खांदा ३५ सेंटिमीटर आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला ५० सेंटिमीटर ठेवतात. आता जिथे लोक रोज शॉर्टकटने रूळ ओलांडतात, तिथे जाऊन पाहा (लांबूनच). खडी पायांनी ढकलून खाली गेलेली असते, स्लीपरची टोकं उघडी पडलेली असतात आणि मध्ये पायवाट दिसते. गँग ती पुन्हा भरते, लोक पुन्हा ढकलतात. पुलावरून जायला पाच मिनिटं जास्त लागत असतील, पण त्या पायवाटेने रुळाचा आधारच खाली येतो.

७. दुरुस्ती संपली असं सांगतात, तरी त्या जागी गाड्या आठवडाभर हळू का जातात?

हलवलेली खडी सैल असते. तिची आडवी पकड बरीच कमी होते आणि गाड्यांचं वजन वरून गेल्यावरच हळूहळू परत येते. खडी पूर्ण उपसून चाळली असेल, तर सुरुवातीला ताशी २० किंवा ४० किलोमीटरचं बंधन घालून ते टप्प्याटप्प्याने उठवतात. थरथराट देऊन खडी बसवणारं यंत्र मिळालं तर हा काळ कमी होतो. उन्हाळ्याच्या भर दुपारी असं काम टाळतात, कारण प्रश्न ६ मध्ये आहेच.

८. विश्वामित्रीला पूर येऊन ओसरला, रूळ तर दिसत होते, मग गाड्या का थांबवल्या?

रूळ दिसणं आणि रूळ टेकलेला असणं यांत फरक आहे. वाहतं पाणी खडी आणि तिच्याखालची माती घेऊन जातं, आणि स्लीपर रुळाला लटकलेले राहतात. लांबून मार्ग अगदी सरळ दिसतो. पाणी उतरल्यावर चालत जाऊन प्रत्येक ठिकाण पाहिल्याशिवाय गाडी सोडता येत नाही.

दुसरा धोका मुरलेल्या पाण्याचा. काळी माती भिजली की फुगते आणि मऊ पडते. गाडी जाताना स्लीपर खाली दबतो, वर येतो आणि प्रत्येक हेलकाव्याला खडीतून राखाडी चिखलाची पिचकारी उडते. हा चिखल वाळला की खडी एकजीव ढेकूळ होते, तिच्यातून पाण्याचा निचरा बंद होतो आणि पुढच्या पावसात तीच जागा आधी खचते. म्हणून नव्या मार्गांवर माती आणि खडी यांच्यामध्ये निवडक मुरूम-वाळूचा वेगळा थर देतात.

९. खडी जुनी होते का? तपकिरी झालेली खडी खराब समजायची का?

तपकिरी रंग बहुतेक वेळा ब्रेक आणि चाकांच्या लोखंडी भुकटीचा असतो. डब्यांचे संडास थेट रुळांवर उघडत तेव्हा त्या घाणीचाही होता. बायो-टॉयलेट आल्यावर स्टेशनांतल्या खडीची अवस्था बरीच सुधारली, हे रोज तिथे वाकून काम करणाऱ्यांसाठी फार मोठं सुख आहे.

खडी जुनी होते ती कडा झिजून आणि फटींत धूळ, कोळसा, माती बसून. साधारण दहा वर्षांतून एकदा, किंवा पाणी निचरेनासं झालं की त्याआधी, ती खालपर्यंत काढून यंत्रात चाळतात. चांगली खडी परत टाकतात, कच बाजूला फेकतात आणि तूट नव्या खडीने भरतात. अशा कामांची मोठी यंत्रं बनवणारा एक कारखाना आपल्या जिल्ह्यात, करजणला आहे.

१०. बुलेट ट्रेनच्या मार्गावर खडी नाही असं ऐकलं. मग वर सांगितलेलं सगळं खोटं ठरतं का?

नाही. मुंबई–अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा आणि बहुतांश उंच पुलांवर आहे. पुलाचा पाया खोलवर असतो, तो काळ्या मातीसारखा दबत-फुगत नाही. त्यामुळे प्रश्न ३ मधलं ‘खचलं की ठासा’ हे कारण तिथे दुबळं पडतं. जपानी पद्धतीच्या काँक्रीटच्या लाद्यांवर तिथे रूळ बसतात. शिवाय ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे गाडीखालचा वारा खडी उडवू शकतो. हे अपरिहार्य आहे असंही नाही. फ्रान्समध्ये पॅरिस–ल्यों ही वेगवान रेल्वे १९८१ पासून खडीवरच धावते.

मेट्रो, लांब बोगदे आणि मोठ्या स्टेशनांत फलाटालगतच्या धुता येणाऱ्या फरश्या ही खडीविना मार्गाची नेहमीची उदाहरणं. लोखंडी गर्डरच्या जुन्या पुलांवरही खडी नसते, तिथे स्लीपर सरळ गर्डरवर असतात.

११. डभोईची नॅरोगेज तर बैल ओढायचे. इतक्या हलक्या गाडीला कसला आलाय पाया?

त्याच मार्गाने पायाचं महत्त्व दाखवून दिलं. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई–मियागाम रेल्वे बैलांवर सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी इंजिन तयार झालं, पण मार्ग इतका हलका होता की ते पेलवेना. जड रूळ टाकून मार्ग मजबूत केल्यावर, १८७३ पासून इंजिनं नियमित धावू लागली. मधली दहा वर्षं बैलांचीच. इंजिन विकत घेता येतं, मार्ग बांधावा लागतो. आज त्याच डभोईवरून ब्रॉडगेज एकतानगरला जाते (जानेवारी २०२१ पासून), आणि जुन्या रुंदीच्या खुणा पाहायच्या तर प्रतापनगरला नॅरोगेजचं जतन केलेलं साहित्य आहे.

१२. मुलांनी कुंडीत घालायला रुळाजवळून चार खडी उचलून आणल्या तर काय होतं?

रुळाच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हाच रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खडी ही रेल्वेची मालमत्ता, ती उचलण्याला १९६६ चा वेगळा कायदा लागतो. आणि तीच खडी गाडीवर भिरकावली, तर कलम १५२ खाली शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. मुलांना हे नीट, न घाबरवता पण स्पष्ट सांगा. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाचा डोळा गेल्यावर ‘खेळत होतो’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. कुंडीसाठी कपची कोणत्याही बांधकाम साहित्याच्या दुकानात ओंजळभर फुकट मिळते.

१३. माझा मुलगा गॅसच्या जहाजावर आहे. ‘दहेजला माल उतरवला, आता बॅलास्टवर निघालो’ म्हणजे काय?

म्हणजे जहाजात माल नाही, समुद्राचं पाणी भरून ते पुढचा माल आणायला चाललं आहे. दहेजच्या धक्क्यावर द्रवरूप गॅस बाहेर जात असतानाच जहाजाचे पंप बाजूच्या आणि तळाच्या टाक्यांत समुद्राचं पाणी घेतात. तसं केलं नाही तर जहाज उंच येईल, पंखा अर्धा पाण्याबाहेर फिरेल, नाळ लाटांवर आपटेल आणि वाऱ्यात सुकाणू ऐकणार नाही. पाणी खालच्या टाक्यांत असल्याने जहाजाचा गुरुत्वमध्यही खाली राहतो. माल भरताना हेच उलट होतं, पाणी बाहेर टाकतात. काळजी करू नका, हा रोजचा क्रम आहे.

१४. नुसतं पाणी घेतलं आणि सोडलं, त्यात पर्यावरणाचं काय बिघडतं?

पाण्यासोबत एका समुद्रातली अंडी, अळ्या, शेवाळ आणि जंतू दुसऱ्या समुद्रात जातात. तिथे त्यांना खाणारं कोणी नसेल तर ते बेसुमार वाढतात. काळा समुद्र आणि कॅस्पियनकडचा झेब्रा शिंपला असाच उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत पोचला. १९८८ मध्ये तो सापडला, आणि पुढे शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या नळांत त्याचे थर बसले. उलट दिशेने अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक जेलीसारखा प्राणी १९८० च्या दशकात काळ्या समुद्रात आला. तो माशांची अंडी आणि त्यांचं अन्न दोन्ही खातो, त्यामुळे तिथल्या मच्छीमारांचं प्रचंड नुकसान झालं.

म्हणून २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. आधीचा उपाय होता खोल समुद्रात, शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर, पाणी बदलण्याचा. आता जहाजांवर गाळणी आणि अतिनील किरण किंवा क्लोरिन यांची यंत्रणा असते, आणि सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रोमीटरहून मोठे जिवंत जीव घनमीटरला दहापेक्षा कमी असावे लागतात. टाक्यांच्या नोंदवहीत प्रत्येक भरणं-सोडणं लिहावं लागतं. तुमचा मुलगा ती वही भरायला कंटाळत असेल तर त्याला शिंपल्याची गोष्ट सांगा.

१५. पाणबुडीचंही असंच असतं का?

तत्त्व तेच, वापर वेगळा. बुडायचं असेल तर टाक्यांत पाणी घेतात, वर यायचं असेल तर दाबाखालच्या हवेने ते बाहेर ढकलतात.

१६. ट्यूबलाइटला चोक लागतोच का? बल्बला तर लागत नाही.

बल्बची तार तापली की तिचा विरोध वाढतो, त्यामुळे प्रवाह आपोआप आटोक्यात राहतो. ट्यूबमधल्या वायूचं उलट असतं. एकदा प्रवाह सुरू झाला की विरोध घटत जातो आणि कोणी आवरलं नाही तर ट्यूब क्षणात जळेल. चोक, म्हणजेच बॅलास्ट, तो प्रवाह मर्यादेत ठेवतो. सुरू करताना स्टार्टरच्या मदतीने जास्त व्होल्टेजचा झटकाही तोच देतो. जुना तांब्याच्या तारेचा चोक स्वतः दहा-बारा वॅट खायचा आणि गुणगुणायचा. इलेक्ट्रॉनिक चोक कमी वीज खातो आणि त्याला स्टार्टर लागत नाही.

१७. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब लावली तर चोक काढायचा का?

ट्यूबवर काय छापलंय त्यावर अवलंबून आहे. काही एलईडी ट्यूब जुन्या चोकसोबत चालतात, त्यांच्यासोबत स्टार्टरच्या जागी घालायचा वेगळा तुकडा येतो, तोच वापरा. काहींना थेट वीज द्यायची असते, त्यांच्यासाठी चोक आणि स्टार्टर दोन्ही वायरिंगमधून काढावे लागतात. पट्टीत इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर चोकसोबत चालणारी ट्यूबही त्याच्याशी जुळेलच असं नाही. मेन स्विच बंद करून, इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

१८. गच्चीवर सोलर लावणारा म्हणतो, भोकं पाडणार नाही, नुसते सिमेंटचे ठोकळे ठेवतो. विश्वास ठेवावा का?

पद्धत खरी आहे, तिला बॅलास्ट माउंटिंगच म्हणतात. आपल्या गच्च्यांवर चायना मोझेक असतं, त्यात भोक पाडलं की गळती सुरू होते, म्हणून ती सोयीचीही आहे. पण ठोकळ्यांचं वजन अंदाजाने ठरवू देऊ नका. पॅनेल तिरपं असल्याने वारा त्याला खालून उचलतो, आणि गच्चीच्या कडांजवळ हे उचलणं सर्वांत जास्त असतं. तिथे ठोकळे जड हवेत. दुसरीकडे वाड्याचा किंवा जुन्या पोळातला (दाट वस्तीच्या गल्लीतला) स्लॅब किती वजन पेलेल हेही पाहायला हवं. वाऱ्याचा आणि स्लॅबचा असे दोन्ही हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कागदावर घ्या. उंच खांबांवरच्या सांगाड्याला ही पद्धत सहसा चालत नाही, तिथे नीट बोल्टच लागतात.

१९. पादरा गावाकडे माझं शेत आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरायला सांगतात, ते याच कारणाने?

हो. नांगर ओढताना चाक जागीच फिरू नये म्हणून. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून साधारण तीन चतुर्थांशापर्यंत पाणी भरतात, वर हवा हवीच. ओल्या काळ्या रानात जास्त वजन घालू नका, माती दबून घट्ट होते. ट्रॉली घेऊन रस्त्यावरच धावायचं असेल तर पाणी काढलेलं बरं.

२०. वॉशिंग मशीनमधला सिमेंटचा ठोकळा आणि लिफ्टचं वजन हे दोन्ही बॅलास्ट का?

ठोकळा हो, लिफ्टचं नाही. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये ठोकळ्याचं काम ड्रमच्या हिसक्याला दाबून धरण्याचं आहे. घर बदलताना तो काढून फेकू नका, मशीन खोलीभर चालत सुटेल. लिफ्टचं वजन डब्याला दुसऱ्या बाजूने तोलतं आणि मोटरचं काम कमी करतं. त्याला प्रतिभार म्हणावं. टॉवर क्रेनवर दोन्ही असतात: पायथ्याशी ठेवलेले ठोकळे हे बॅलास्ट, मागच्या हातावर टांगलेले प्रतिभार.

२१. उत्तरायणला एका बाजूला झुकणाऱ्या पतंगाच्या काडीला आपण चिंधी बांधतो. तेही बॅलास्टच झालं ना?

झालं, आणि जहाजावरही अगदी हेच करतात: एका बाजूला कललं की दुसऱ्या बाजूच्या टाकीत पाणी घेतात. पतंगाची शेपटी मात्र यात मोडत नाही. तिचं वजन थोडं उपयोगी पडतं, पण मुख्य काम वाऱ्यात मागे ओढ धरण्याचं आहे. म्हणून शेपटी लांब आणि हलकी ठेवतात, आणि चिंधी छोटी, कडेच्या अगदी टोकाला बांधतात. टोकाला बांधल्यावर तेवढ्याच वजनाचा परिणाम जास्त होतो.